नंदुरबारचे वाणी आणि चिनी झाड

‘चिनी वैद्यकातल्या झाडाने कॅन्सर बरा होतो, पण औषध कंपन्या हे लपवून ठेवतात’ असा एक फॉरवर्ड सध्या फिरतोय. लपवलंय कुठे? आतड्याच्या कॅन्सरच्या पेशंटला इरिनोटेकॅन देतात, त्याचं मूळ दक्षिण चीनमधल्या ‘शी शू’ या झाडातच आहे.

त्यातलं कॅम्प्टोथेसिन हे रसायन १९६६ मध्ये वेगळं काढलं मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या शास्त्रज्ञांनी, अमेरिकेत. वाणी आपल्या नंदुरबारचे! टॅक्सॉल हे कॅन्सरचं औषधही याच जोडीचं. किती जणांनी वाणींचं नाव ऐकलंय? आणि कुठल्याही जुन्या ग्रंथात वाचून हे सापडलेलं नाही. सरकारी शास्त्रज्ञ स्टिरॉइडसाठी वनस्पती धुंडाळत होते, त्यात कॅलिफोर्नियात लावलेल्या या झाडाचा अर्क कॅन्सरच्या चाचणीत चमकला.

पुढचा भाग फॉरवर्डमध्ये कधीच नसतो. कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळेना, म्हणून त्याचा सोडियम क्षार करून सत्तरच्या दशकात पेशंटना दिला. क्षार केला की रेणूतलं एक कडं उघडतं आणि औषधाचा जोर जातो. पण लघवीतल्या आम्लामुळे तेच कडं परत जुळायचं, म्हणजे औषध जागं व्हायचं ते थेट मूत्राशयात. लघवीतून रक्त, जोडीला भयंकर जुलाब. चाचण्या बंद पडल्या.

१९८५ मध्ये कळलं की हे रसायन डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या एन्झाइमला मधेच अडकवतं. पीळ सोडवताना त्याने कापलेला धागा परत जोडूच देत नाही. मग रेणूत फेरफार झाले. इरिनोटेकॅन घडवलं जपानच्या याकुल्टने (हो, तेच प्रोबायोटिक पेयाच्या छोट्या बाटलीवाले), आणि १९९६ मध्ये अमेरिकेतही त्याला मंजुरी मिळाली. शोधापासून मंजुरीपर्यंत तीस वर्षं गेली. झाड तेच, पण साल उकळून प्यायली असती तर पेशंट जाऊ शकला असता, कॅन्सर नाही.

हेच कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही आहे. त्याचं आपण काय केलं? मुळासकट तोडून, तुकडे करून पोत्यांत भरून विकलं. परंपरेचा अभिमान मिरवणाऱ्यांपैकी फार कमी लोक त्यावर बोलताना दिसतात.

घरात कुणाची केमो चालू असेल आणि कुणी ‘नैसर्गिक’ पुडी आणून दिली, तर ती आधी डॉक्टरांना दाखवा. सेंट जॉन्स वर्ट ही मन शांत ठेवण्यासाठी घेतली जाणारी साधी वनस्पती, पण तिच्यामुळे इरिनोटेकॅनचं रक्तातलं प्रभावी रूप घटतं. आणि पेशंटला वाटतं, केमोच लागू पडत नाहीये.