बंद झालेल्या क्रोनोग्राफचा भाव कधीच पडत नाही म्हणे!

हा मेसेज बरेच दिवस फिरतोय, मी दुर्लक्ष करत होतो, पण आता तो माझ्या मामेभावापर्यंत पोचलाय आणि खाली त्यानं विचारलंय, "दादा, घेऊन टाकू का? साठवलेले सगळे लावतो." सगळे! म्हणून लिहायला बसलोय. मेसेजमध्ये थोडक्यात असंय की भारी कंपनीनं एखादं क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच असलेलं मनगटी घड्याळ) बनवणं बंद केलं की त्याचा भाव चढतच जातो, ते परत कधी निघत नाही, जुन्या घड्याळातली मशीन कंपनीची स्वतःची असायची, घेतल्यावर पॉलिश आणि डायल नवीन करून घ्या म्हणजे किंमत दुप्पट, आणि मोठ्या लिलावातून आलेलं असेल तर डोळे झाकून घ्या.

"बंद झालं की भाव चढतो." अरे बाबा, आजवर निघालेली बहुतेक क्रोनोग्राफ बंदच झालीयेत की, आणि त्यातली कितीतरी खपत नव्हती म्हणूनच बंद केली. आता रोलेक्सच्या ज्या डेटोना क्रोनोग्राफसाठी लोक जीव टाकतात ती, पॉल न्यूमन या हॉलिवूडच्या नटाच्या नावानं ओळखली जाणारी डायल असलेली, त्या काळी दुकानात पडून असायची, कुणी विचारत नव्हतं. 2017 ला न्यूयॉर्कच्या लिलावात खुद्द न्यूमनची डेटोना पावणेदोन कोटी डॉलरच्याही वर गेली, कबूल, पण ती त्याच्या मनगटावरची होती, मागच्या झाकणावर बायकोनं "ड्राइव्ह केअरफुली मी" कोरून घेतलेलं होतं. तो भाव त्या माणसाचा आहे, मॉडेल बंद झाल्याचा नाही.

आता यात अर्धं खरं आहे ते मान्य करतो, नाइलाजानं. कंपनीनं बंद करतोय असं सांगितलं की काही मॉडेलचे भाव उसळतात. 2021 ला पाटेक फिलिपनं नॉटिलस 5711 बंद केलं (ते क्रोनोग्राफ नाहीये, पण मेसेजवाल्यांना कुठे फरक पडतो) तेव्हा हेच झालं. पण 2022 मध्ये वापरलेल्या घड्याळांचा सगळा बाजारच खाली आला त्यात तेही आलं, आणि शेंड्यावर घेतलेले लोक बसलेत हातात घड्याळ घेऊन. ते काही मेसेजमध्ये लिहिलेलं नाही.

"परत कधी निघत नाही." ओमेगानं आपल्या स्पीडमास्टर क्रोनोग्राफमधली 321 नावाची मशीन 1968 च्या सुमाराला बंद केली आणि 2019 ला परत आणली. पुढे.

"जुनी मशीन कंपनीची स्वतःची." उलटंय. जुन्या डेटोनात वाल्जू या दुसऱ्याच कंपनीची मशीन, 1988 पासून झेनिथ या आणखी एका कंपनीच्या एल प्रिमेरो मशीनवर बेतलेली, आणि रोलेक्सची स्वतःची आली 2000 साली. म्हणजे जुनी वाईट असं नाही हं, वाल्जू 72 साठी लोक वेडे आहेत, पण मग कारण तरी खरं सांगा ना.

आता तो पॉलिशवाला मुद्दा, जो वाचून माझं डोकंच फिरलं, कारण बाकी गोष्टींत फक्त पैसे अडकतील पण इथे घड्याळच कायमचं जाईल. घड्याळाची केस (बाहेरची धातूची बॉडी) पॉलिश करणं म्हणजे धातू घासून काढणं, तो परत येत नाही. पट्टा जिथे अडकतो ते लग बघा, न घासलेल्या घड्याळात त्यांच्या कडा धारदार असतात, काही मॉडेलमध्ये कडेनं एक तिरकी कापलेली पट्टी सरळ जाते. दोनतीनदा पॉलिशच्या मशीनवर धरलं की कडा गोल होतात, ती तिरकी पट्टी पुसट होते, एक लग जाड दुसरा बारीक, सगळं चोखलेल्या गोळीसारखं. डायलचं तर त्याहून वाईट. साठच्या दशकापासून बरीच वर्षं अंधारात चमकण्यासाठी आकड्यांवर ट्रिटियम हे किरणोत्सर्गी द्रव्य असायचं, दर बारा वर्षांनी ते निम्मं होतं, त्यामुळे पन्नास वर्षांचं घड्याळ अंधारात जवळपास चमकत नाही आणि ठिपके पिवळसर साय आल्यासारखे दिसतात. काट्यांचा रंगही साधारण तसाच हवा. आणि तुम्ही ते खरवडून पांढरंशुभ्र, रात्रभर चमकणारं करून आणणार? घेणारा भिंगातून बघतो आणि गप परत ठेवतो.

पटत नसेल तर एकच प्रकरण घ्या, शेवटच्या मुद्द्याचंही उत्तर त्यातच आहे. नोव्हेंबर 2021, जिनिव्हा, फिलिप्स या लिलाव कंपनीचा लिलाव. 1957 ची म्हणून एक स्पीडमास्टर, मॉडेल नंबर 2915-1, तपकिरी पडलेली डायल, विकली गेली 31 लाख स्विस फ्रँकच्या वर. घेणारी कोण, तर ओमेगाच, स्वतःच्या म्युझियमसाठी! आणि 2023 ला ओमेगानंच सांगितलं की ते घड्याळ इकडचे तिकडचे भाग जुळवून उभं केलेलं होतं आणि त्यात त्यांचेच माजी कर्मचारी सामील होते. आता विचार करा, चकचकीत केल्यानं किंमत वाढत असती तर त्या लोकांनी जुनं, रंग उडालेलं दिसेल असं घड्याळ कशाला जुळवलं असतं? त्यांना माहीत होतं पैसा कशाला मिळतो ते. आणि डोळे झाकून घ्यायचं म्हणाल तर जिचं घड्याळ तिचीच फसगत झाली मोठ्या लिलावात, मग आपण कोण?

मामेभावाला सांगितलंय की घ्यायचंच असेल तर घालायला घे, हौसेचे पैसे म्हणून, आणि आधी विकणाऱ्याला विचार मागच्या सर्विसमध्ये काय काय बदललं, जुने काटे आणि पुशर (बाजूची बटणं) परत मिळालेत का. त्याचं उत्तर आलं, "पण मेसेजमध्ये तर लिहिलंय कधीपण विकता येतं." कुणाला विकता येतं, किती दिवसांत, आणि मध्यस्थ त्यातनं किती कापतो, ते विचार म्हटलं मेसेज पाठवणाऱ्याला. अजून काही आलेलं नाही.