रूट रविवारी गेला, माझा सोमवारी

इंग्लंडविरुद्धच्या ओव्हल टेस्टचा शेवटचा दिवस मी पाहिला नाही. धड ऐकलासुद्धा नाही. मी तो आ करून काढला.

४ ऑगस्ट २०२५, सोमवार, दुपारी साडेतीन, खालची उजवी दाढ, रूट कॅनॉलचं दुसरं सीटिंग. आता तुम्ही म्हणाल पुढे ढकलायचं की राव. तर अपॉइंटमेंट घेतली तेव्हा हिशेब असा होता की मॅच रविवारीच संपणार, कारण त्यांना ३७४ पाहिजेत आणि त्यांचा वोक्स पहिल्याच दिवशी खांदा निखळून बसलाय. मग रविवारी त्या ब्रुकचा १९ वर सिराजनं कॅच घेतला आणि कॅच हातात असताना पाय दोरीवर ठेवला, झालं, ब्रुक १११, रूट १०५, दोघांची १९५ची पार्टनरशिप, मी वैतागून टीव्ही बंद केला आणि भाजी आणायला गेलो, परत आलो तर रूटपण गेलेला, मग अंधुक प्रकाश, मग पाऊस, आणि स्कोअर ३३९ला ६. हवेत ३५ रन. बाकी उद्या.

रात्री डॉक्टरांना मेसेज टाकला, उद्याच्या ऐवजी परवा आलो तर चालेल का. उत्तर आलं, ‘दाढ उघडलेली आहे. या.’

बायको म्हणाली, "पंचवीस दिवसांतले चोवीस बघितलेस, एक नाही बघितला तर काय बिघडतं?" हिशेब बरोबर होता तिचा. पाच टेस्ट, आणि पाचही मॅचेस पाचव्या दिवसापर्यंत गेल्या. पण हे म्हणजे माणसाला चोवीस पायऱ्या चढवायच्या आणि पंचविसाव्या पायरीवर गाभाऱ्याला कुलूप.

क्लिनिक साताऱ्यातच, पहिल्या मजल्यावर. खाली चहाची टपरी, तिथे टीव्ही. आतल्या खोलीला दार आहे पण ते लागत नाही, म्हणून पडदा. पडद्याच्या पलीकडे बाकं आणि त्या बाकावर काका.

काका पेशंट नव्हतेच. काकूंच्या कवळीचं माप द्यायचं होतं म्हणून सोबत आलेले. सत्तरीचे, पांढरा हाफ शर्ट, मांडीवर पिशवी, हातात सुनेनं दिलेला मोठा फोन, आणि फोन असा धरलेला की जणू आरतीचं तबक. मी आत जाताना एवढंच विचारलं, "चालू झाली का?" तर काका म्हणाले, "तुम्ही निवांत जा आत. मी सांगतो ना तुम्हाला एकेक बॉल." इथेच चुकलो. मी "नको" म्हणायला पाहिजे होतं.

डॉक्टर मॅडम चांगल्या आहेत, हात हलका आहे, पण क्रिकेट म्हणजे त्यांच्या लेखी दारावरची जाहिरात. इंजेक्शन दिलं, ओठ जड झाला, तोंडात कापसाच्या गुंडाळ्या, लाळ ओढायची नळी, आणि म्हणाल्या, "दुखलं तर बोलायचं नाही. डावा हात वर करायचा."

हे वाक्य लक्षात ठेवा.

तर काकांची कॉमेंट्री. काकांकडे एकूण एकच शब्द होता, गेला. बॉल बाउंड्रीबाहेर गेला तरी गेला, बॅट्समन आउट झाला तरी गेला, सिग्नल गेला तरी गेला. आणि आवाजात फरक शून्य. पहिलाच बॉल, प्रसिध कृष्णा, आणि पडद्यामागून "गेलाऽऽ!" मी खुर्चीत ताठ. विकेट? पहिल्याच बॉलला? दुसरा बॉल, "हापण गेला!" दोन बॉलला दोन? मी डोळ्यांनीच डॉक्टरांना विचारतोय, त्यांना वाटलं मी घाबरलोय, म्हणाल्या, "काही नाही, फाइल फिरवतेय फक्त." मिनिटभरानं बाहेरून खुलासा आला, "दोन चौके बसले हो. ओव्हर्टन. अठ्ठावीस... नाही, सत्तावीस राहिले."

दुसरी गंमत म्हणजे काकांचा फोन खालच्या टपरीच्या मागे. चांगला वीस-पंचवीस सेकंद. म्हणजे खालून आधी आरडाओरडा यायचा आणि काकांकडे तेव्हा सिराज अजून रनअपच्या टोकाला चालत जात असायचा. मला दोनच बॉलमध्ये गणित कळलं, की टपरी गप्प म्हणजे चौका, टपरी ओरडली म्हणजे विकेट. साधं आहे. तर खालून धुडगूस ऐकू आला, शिट्ट्या, कोणीतरी पातेलं बडवतंय, आणि मला कळलं की विकेट पडली, आणि आनंदाच्या भरात माझा हात वर गेला.

डावा.

"दुखतंय का? थांबा हं." आणि दुसरं इंजेक्शन. मी मान हलवतोय, "अं अं अं" करतोय, त्या म्हणतायत, "हलू नका, सुई आहे." आणि बाहेर काका काकूंना सांगतायत, "खाली काहीतरी भांडण झालेलं दिसतंय, रिक्षावाले असतील," आणि मग वीस सेकंदांनी, सुई हिरडीत असताना, "गेलाऽऽ! स्मिथ गेला! कीपरनं घेतला!" मला माहितीये हो काका. मी त्याचीच किंमत मोजतोय.

त्यानंतर मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो.

मध्ये ड्रिल चालू झालं. ते लोक ड्रिल नेमकं केव्हा चालू करतात यावर कोणीतरी अभ्यास केला पाहिजे. बाहेर काका, "आउट! ...दिला का? अंपायर विचार करतोय... दिला! दिला! ...थांबा थांबा, रिव्ह्यू घेतला..." आणि घर्रर्रर्र. संपूर्ण रिव्ह्यू माझ्या दाढेत झाला. ड्रिल थांबलं तेव्हा काका १९७१ मध्ये होते.

होय, १९७१. कारण कोणीतरी नवा पेशंट आला आणि त्यानं काकांना विचारलं, "काय वाटतं काका, जिंकू का?" आणि काकांनी फोन खाली ठेवला आणि सुरुवात केली. ३५ रनांची मॅच, ८ विकेट पडलेल्या, आणि हा माणूस फोन खाली ठेवतो! "मी सोळा वर्षांचा होतो. हेच ओव्हल. वाडेकर कॅप्टन. चंद्राच्या सहा विकेटा, १०१ वर गुंडाळला इंग्लंडला. शेवटच्या दिवशी गणपती बसलेला, २४ ऑगस्ट, आमच्या घरी मोदकाचं पुरण हलवायला कोणी नव्हतं, सगळे शेजाऱ्यांच्या रेडिओपाशी. आणि तिथं काय केलं माहितीये का आपल्या लोकांनी? हत्ती आणला ग्राउंडवर. खराखुरा हत्ती. बेला नाव." बरोबर आहे, आणलेली, प्राणिसंग्रहालयातून, आणि हत्तीण होती ती, पण मला ही दुरुस्ती करता येईना कारण माझ्या तोंडात डॉक्टरांचे दोन हात होते. "म्हणून जिंकलो. तेव्हा हत्ती होता. एकोणऐंशीला त्याच ग्राउंडवर गावस्करनं २२१ मारले, ४३८ पाहिजे होते, नऊ कमी पडले. का? हत्ती नव्हता."

नवीन पेशंट म्हणाला, "मग आज?"

काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "गणपती सत्तावीसला आहे यंदा. अवघड आहे."

ही असली माणसं आपल्या नशिबात येतात. मला एक सांगा, दीड महिना मी मॅच असेल त्या दिवशी दुपारी साडेतीनला ऑफिसात हेडफोन एका कानात घालून बसलो, लॉर्ड्सला तो सिराजचा बॉल बॅटला लागून घरंगळत स्टंपवर गेला आणि २२ रननी हरलो त्या रात्री जेवलो नाही, मॅंचेस्टरला पंत मोडका पाय घेऊन बॅटिंगला उतरला तेव्हा एचआरच्या बाईंसमोर डोळे पुसले, आणि शेवटच्या ५३ बॉलसाठी माझ्या वाट्याला काय, तर हत्ती.

मॅडमना गोंगाट असह्य झाला असावा. पडदा सारून म्हणाल्या, "काका, जरा लांब बसा बरं, पेशंट हलतात." काका म्हणाले, "किती लांब? अडीच मीटर?" आणि स्वतःच हसले. मॅडमना कळलं नाही. मला कळलं. मॅचच्या आधी त्या ओव्हलच्या क्युरेटरच्या माणसांनी आपल्या लोकांना पिचपासून अडीच मीटर लांब राहा म्हणून सांगितलेलं आणि आपला कोच गौतम गंभीर भडकलेला. विनोद चांगला होता, मला खरंच हसू आलं, आणि हसल्यामुळे ती नळी टाळूला लागली आणि ठसका. याबद्दलही बोलणी मीच खाल्ली.

आणि मग टपरी परत पेटली. नववी. मी हात आणखी घट्ट दाबले. काकांकडे अजून त्यांचा बॅट्समन टंग शांतपणे ग्लोव्हज नीट करत होता म्हणे. मला माहीत होतं, त्याला माहीत नव्हतं. देवाला असंच वाटत असणार.

"गेलाऽऽ! दांडी! ...अगं बाई, हा बघ कोण येतोय!" इथे काकांचा आवाज पहिल्यांदा बदलला. "अगं हात बांधलाय त्याचा. स्वेटरच्या आत हात बांधलाय आणि बॅट घेऊन येतोय. सगळं ग्राउंड उभं राहिलंय." काकू म्हणाल्या, "त्याच्या घरची माणसं कशी पाठवतात?" मग बाहेर एकदम शांत. मीपण शांत. मी मनातून बघत होतो, पायऱ्या उतरणारा वोक्स, डावा हात झोळीत, उजव्या काखेत बॅट. मॅडम म्हणाल्या, "हां, असेच राहा, मस्त." त्यांना वाटलं इंजेक्शन लागू झालं.

शेवटची दहा मिनिटं मी सांगू शकत नाही, कारण काकांनी ती अशी सांगितली: "मारला! ...घेतला! घेतला! ...नाही घेतला. हाताला लागून बाहेर. सिक्स. आकाशदीप होता. ...पळाले! पळाले! मार रे, मार! ...नाही लागला. ...तो एका हातानं पळतोय बघ, कळवळतोय. ...सात राहिले." इथे खालून जो आवाज उठला तो आजपर्यंत मी फक्त विसर्जनाला ऐकलाय. फटाका पण लागला. म्हणजे संपलं. आपण जिंकलो. त्या खोलीत हे फक्त मला माहीत होतं, माझं तोंड उघडं होतं आणि त्यातून एकही अक्षर बाहेर पडू शकत नव्हतं. काकांचा सिराज अजून मागे वळत होता. काका पुटपुटत होते, "हत्ती पाहिजे होता."

वीस सेकंद. आयुष्यात एवढे लांब वीस सेकंद बघितले नाहीत मी.

"गेलाऽऽऽऽ!"

मॅडमनी दचकून हात काढला, म्हणाल्या, "काय गेलं?"

मी कापूस थुंकून म्हणालो, "फहा रननी झिंकलो." दोन इंजेक्शनं, खालचा ओठ हनुवटीवर लोंबतोय. त्या म्हणाल्या, "बोलू नका, एक्स-रे घ्यायचाय."

पंधरा मिनिटांनी बाहेर आलो तर काकांनी पिशवीतून कंदी पेढ्यांचा बॉक्स काढलेला. पुण्याला लेकीकडे न्यायचा होता तो, पण फोडला. रिसेप्शनच्या मुलीला पेढा, नव्या पेशंटला पेढा, काकूंना कवळी नसताना पेढा. मला म्हणाले, "सिराजच्या पाच! पाचही टेस्ट खेळला गडी. बघितलं ना तुम्ही? अरे हो, तुम्ही आत होतात." मग जवळ येऊन, "एक सांगू? तुम्ही आत होतात म्हणूनच जिंकलो. ऑक्टोबरात वेस्ट इंडीज येतायत, कॅप तेव्हा बसवा."

म्हणजे हत्ती मी.

मी पेढ्याला हात पुढे केला. काकांनी बॉक्स मागे घेतला. "अंहं. मॅडम काय म्हणाल्या? दोन तास काही नाही." रिसेप्शनच्या मुलीनं बिल पुढे सरकवलं, त्यात खाली वेगळी ओळ, जादा इंजेक्शन, तीनशे रुपये. मी तिला समजावायचा प्रयत्न केला की ते स्मिथच्या विकेटचे आहेत, पण तोंडातून जे निघालं ते ऐकून तिनं मला टिश्यू दिला.

तेवढ्यात मॅडम ग्लोव्हज काढत बाहेर आल्या, काकांनी बॉक्स पुढे केला. ज्या बाईनं मला तीन महिने गोड बंद सांगितलंय, तिनं दोन पेढे उचलले, एक तोंडात टाकला आणि विचारलं, "कुणाविरुद्ध होती हो मॅच?"