मशीन आलं, पण ओला-सुका कोण करणार?
ओल्या कचऱ्याचं खत करणाऱ्या, स्टार्टअपच्या कंपोस्ट मशीनने सोसायट्यांचा कचऱ्याचा प्रश्न सुटला असं तुमच्या लेखमालेतल्या लेखात म्हटलंय, ते काही पटलं नाही बुवा. आमच्या घणसोलीच्या सोसायटीत असंच मशीन आलं, नारळ फुटला, फोटो निघाले आणि आता त्यावर ताडपत्री आहे, कारण ओल्या कचऱ्यात डायपर अन् दुधाच्या पिशव्या येतात, त्या हाताने वेचायच्या कोणी तर सफाईवाल्या मावशींनी, तेही पगार न वाढवता. वर्गीकरण घरातच करायचं हे 2016 च्या घनकचरा नियमातच आलंय, ऐकतो कोण!

पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था, घराघरातून महिन्याची फी घेऊन दारातून कचरा उचलतात, त्यावर लेखात एक ओळ नाही. मशीन विकणाराच तेवढा उद्योजक का? पुढच्या भागात त्या कचरावेचक बायकांशी बोला की.