एएसएलआर बंद ठेवण्यात तोटा काहीच नाही? आहे, आणि मी तो भोगला आहे

डिबगर (बग शोधायला प्रोग्राम टप्प्याटप्प्याने चालवणारं साधन) आणि एएसएलआर (मेमरी रँडमायझेशन, म्हणजे प्रोग्रामच्या मेमरीतल्या जागा दर रनला बदलणं) यांवर नव्या प्रोग्रामरला हमखास मिळणारा एक सल्ला असा: "डिबगर कुठलाही असो, प्लॅटफॉर्म कुठलाही असो, मेमरी रँडमायझेशन डीफॉल्टने बंदच हवं. ॲड्रेस दर रनला तेच राहतात, त्यामुळे बग नक्की पुन्हा दिसतो. डिबगरला बंद करता येत नसेल तर कर्नलमध्येच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातच, शून्य लिहून टाका. तोटा काहीच नाही." यातलं एक वाक्य पूर्ण खरं आहे. त्याच्या आधारावर बाकीची खपून जातात, म्हणून एकेक तपासून बघू.

"ॲड्रेस दर रनला तेच राहतात."

हे खरं, आणि उपयोगाचंही. स्टॅक आणि हीप (प्रोग्रामच्या मेमरीचे दोन भाग), लायब्ररी यांच्या जागा दर रनला हलवायच्या, म्हणजे हल्लेखोराला अंदाज बांधता येणार नाही, हे एएसएलआरचं काम. लिनक्स कर्नलमध्ये ते २००५ साली २.६.१२ पासून आलं. २००९ मध्ये आलेल्या जीडीबी ७.० पासून हा डिबगर लिनक्सवर प्रोग्राम सुरू करताना चाइल्ड प्रोसेसमध्ये पर्सनॅलिटी हा सिस्टिम कॉल (कर्नलला केलेली विनंती) करून फक्त त्या प्रोसेसपुरतं रँडमायझेशन बंद करतो. एलएलडीबी या दुसऱ्या डिबगरचंही डीफॉल्ट तेच. पाचांची रांग लागलेले कोडचे आणि हीपचे ॲड्रेस, सातानंतर एफची रांग लागलेले स्टॅकचे, हे जीडीबी वापरणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांना सवयीचे असतात. काल कागदावर लिहून ठेवलेल्या ॲड्रेसवर आज वॉचपॉइंट (तिथलं मूल्य बदललं की थांबायची खूण) लावता येतो, दोन रनचे लॉग शेजारी ठेवून फरक काढता येतो. ही सोय काढून टाका असं मी अजिबात म्हणत नाही.

"त्यामुळे बग नक्की पुन्हा दिसतो."

इथे माझा खरा विरोध आहे. ॲड्रेस गोठवले की दर वेळी एकच मांडणी पुन्हा येते. त्या मांडणीत बग असेल तर तो रोज दिसेल, नसेल तर कधीच दिसणार नाही.

काही वर्षांपूर्वी एका कामात आम्ही यात आठवडाभर अडकलो होतो. सी मध्ये लिहिलेलं, १०२४ कप्प्यांचं घरगुती हॅश टेबल (नोंदी कप्प्यांत वाटून ठेवणारी रचना). ऑब्जेक्टचा पॉइंटर, म्हणजे ॲड्रेस, घ्यायचा, चार बिट उजवीकडे सरकवायचा, खालचे दहा बिट ठेवायचे, तोच कप्प्याचा क्रमांक. पुढे कुणीतरी त्या टेबलात पहिल्या कप्प्यापासून शोधत जाऊन जी पहिली पात्र नोंद सापडेल तिलाच मुख्य मानायचं, असा कोड लिहिला. ग्राहकाकडे अधूनमधून चुकीची नोंद मुख्य ठरायची. आमच्याकडे जीडीबीखाली शंभर वेळा चालवलं तरी उत्तर बरोबर.

कारण नंतर कळलं, आणि ते साध्या हिशेबाचं होतं. रँडमायझेशन हीपला ४०९६ बाइटच्या पानांच्या पटीत हलवतं, म्हणजे ॲड्रेसचे खालचे बारा बिट कधी बदलत नाहीत. आमचा कप्पा ठरायचा बिट ४ ते १३ वरून. त्यातले बदलणारे दोनच, बारावा आणि तेरावा. दोन बिट म्हणजे चार मांडण्या. त्यांतल्या तीन मांडण्यांत योग्य नोंद आधी सापडायची, चौथीत चुकीची. ग्राहकाकडे सरासरी चारातली एक रन चुकत होती. जीडीबी मात्र हीप दर वेळी त्याच जागी ठेवायचा आणि ती जागा त्या तीन चांगल्यांपैकी होती.

रँडमायझेशन चालू ठेवून वीस रन केल्या असत्या, तर हा बग एकदाही न दिसण्याची शक्यता हजारात जेमतेम तीन होती. बंद ठेवून वीस हजार केल्या असत्या तरी तो दिसला नसता. आम्ही आठवडा घालवला तो कोड वाचण्यात. डीफॉल्टवर संशय घ्यावा असं कुणाच्या मनातच आलं नाही, कारण रँडमायझेशन बंद आहे हे डिबगर प्रोग्राम सुरू करताना कुठेच सांगत नव्हता.

आणखी एक गोष्ट. रँडमायझेशन बंद असलं म्हणून डिबगरच्या आतली मांडणी बाहेरच्यासारखी होत नाही. जीडीबी प्रोग्रामच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये (सुरू होताना त्याला मिळणाऱ्या सेटिंगमध्ये) लाइन्स आणि कॉलम्स हे दोन व्हेरिएबल घालतो. एन्व्हायर्नमेंट स्टॅकच्या वरच्या टोकाला बसतं, त्यामुळे स्टॅकवरचे ॲड्रेस सरकतात. थ्रेड कुठल्या क्रमाने धावतील यावर तर ॲड्रेसचा ताबाच नाही.

"प्लॅटफॉर्म कुठलाही असो."

सेटिंगचं नाव सारखं ठेवता येईल, अर्थ सारखा ठेवता येत नाही. मॅकओएसवर एलएलडीबी पॉझिक्स-स्पॉन या प्रोसेस सुरू करणाऱ्या कॉलला सार्वजनिक हेडरमध्ये नसलेला एक फ्लॅग देऊन हे काम करतो. आणि तिथे सिस्टिम लायब्ररींची शेअर्ड कॅश बूट होताना एकदा सरकवली जाते, मग सगळ्या प्रोसेसना तीच मिळते. विंडोजवर एक्झिक्युटेबल हलू शकेल की नाही हे लिंकरच्या (कोड जोडून फाइल बनवणाऱ्या साधनाच्या) डायनॅमिकबेस या पर्यायातून फाइलमध्येच लिहिलेलं असतं, आणि सिस्टिम डीएलएलची (विंडोजच्या लायब्ररींची) जागा सहसा बूटमागे एकदा ठरते. म्हणजे विंडोजवर दोन रनमध्ये डीएलएलचे ॲड्रेस सारखे दिसले म्हणून रँडमायझेशन बंद आहे असं समजलात, तर मशीन रीस्टार्ट केल्यावर फसाल. तिन्हीकडे एकच खूण दाखवून "बंद" म्हणणारा डिबगर वापरणाऱ्याला खोटं सांगतो.

चालू प्रोसेसला नंतर अटॅच केलंत तर हे सेटिंग लागूच होत नाही. मांडणी आधीच ठरलेली असते.

"जमत नसेल तर कर्नलमध्ये शून्य लिहा. तोटा काहीच नाही."

हा सल्ला मला सगळ्यात जास्त खुपतो. डॉकर प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवतं; त्याच्या डीफॉल्ट सेककॉम्प प्रोफाइलमध्ये, म्हणजे सिस्टिम कॉलच्या गाळणीत, पर्सनॅलिटी कॉलच्या मोजक्याच किमतींना परवानगी आहे, रँडमायझेशन बंद करणारी किंमत त्यात नाही. जीडीबी अशा वेळी इशारा छापून पुढे जातो, प्रोग्राम चालतो, ब्रेकपॉइंट (कोडमधल्या थांबायच्या खुणा) लागतात. एलएलडीबीत वर्षानुवर्षं लाँचच अडायचं. मग लोक काय करतात? कंटेनरचं सेककॉम्प पूर्ण काढून टाकतात, किंवा होस्टवर (मूळ मशीनवर) रँडमाइझ-व्हीए-स्पेस या कर्नल सेटिंगमध्ये शून्य लिहितात. त्यानंतर सुरू होणारा ब्राउझर, एसएसएच, डेटाबेस, सगळे ठरलेल्या ॲड्रेसवर उघडे. सिसकटीएलच्या (कर्नल सेटिंगच्या) फाइलमध्ये ती ओळ गेली की रीस्टार्टनंतरही तेच, आणि ती कुणी घातली हे सहा महिन्यांनी कुणाला आठवत नाही. एका प्रोसेसपुरतं बंद करायला सेटआर्च या कमांडचा मोठा आर हा पर्याय आहे. कंटेनरमध्ये तोही अडेल, तेव्हा एलएलडीबीत टार्गेट डॉट डिसेबल-एएसएलआर फॉल्स करा आणि कामाला लागा. डिबगर रँडमायझेशन चालू असतानाही नीट चालतो. ब्रेकपॉइंट सिम्बॉलवरून (फंक्शनच्या नावांवरून) लागतात, ॲड्रेस पाठ असावे लागत नाहीत.

डीफॉल्ट ठरवणाऱ्यांकडे माझं मागणं एवढंच. लिनक्स आणि मॅकओएसवर बंद ठेवायचं तर ठेवा, पण प्रोग्राम सुरू होताना एका ओळीत सांगा. बंद करता आलं नाही तर इशारा द्या, लाँच अडवू नका. विंडोजवर जे हातात नाही ते हातात असल्याचं दाखवू नका. आणि "डिबगरमध्ये दिसत नाही" असा बग हातात असलेल्या प्रत्येकाने जीडीबीत सेट डिसेबल-रँडमायझेशन ऑफ लिहून आधी वीस रन कराव्यात, कोड वाचायला नंतर बसावं.