एक कप लसूण, एक कप आलं आणि न उघडणारा ब्लॉकेज

हा मेसेज बहुतेक घरांच्या ग्रुपवर येऊन गेला आहे. लिंबू, आलं आणि लसूण यांचा प्रत्येकी एक कप रस, एक कप अ‍ॅपल सायडर व्हिनेगर. मंद आचेवर अर्धा तास उकळा, चाराचे तीन कप होऊ द्या, गार झाल्यावर तीन कप मध घाला. रोज अनशापोटी तीन मोठे चमचे. महिन्याभरात हृदयाच्या नळ्या साफ, अँजिओप्लास्टी रद्द. फिरता फिरता त्याला शेपट्याही फुटल्या: कोलेस्टेरॉलचा खाण्याशी संबंध नाही, अमेरिकेनेच तसं मान्य केलं, घाण्याचं तेल आणि साजूक तूप कितीही चालतं, शाकाहारी माणसाने घाबरायचं कारण नाही.

"नळीत साचलेली घाण विरघळते"

सगळी गडबड या 'नळी' शब्दात आहे. मोरीचा पाइप तुंबला की त्यात आम्ल ओततात, तसं चित्र डोळ्यांसमोर येतं. रक्तवाहिनीत चरबी अशी आतल्या पृष्ठभागावर चिकटून बसत नाही. ती अस्तराच्या खाली, भिंतीच्या जाडीत मुरते. जवळचं उदाहरण हवं असेल तर ओल धरलेली भिंत बघा: पाणी आत, वर रंग शाबूत, मग हळूहळू फुगवटा आणि एक दिवस पोपडा निघतो.

एलडीएलचे, म्हणजे 'वाईट' म्हटल्या जाणाऱ्या कोलेस्टेरॉलचे कण अस्तरातून आत शिरून अडकतात. त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी येतात, चरबीने फुगतात आणि तिथेच मरतात. त्या गोळ्यावर शरीर तंतूंचं झाकण घालतं, पुढे त्यात कॅल्शियम बसतं. झाकण पातळ असेल तर फाटतं, रक्त आतल्या मालाला भिडतं आणि काही मिनिटांत गुठळी धरते. हाच हार्ट अटॅक. म्हणून 40-50 टक्के अडथळा असलेल्या जागीही झटका येऊ शकतो, आणि 80 टक्केवाला माणूस कधी कधी वर्षानुवर्षं नुसत्या चालताना लागणाऱ्या धापेवर निभावतो.

काढा पोटात जातो, पचतो. लिंबाचं किंवा व्हिनेगरचं आम्ल रक्तात आम्ल म्हणून फिरत नाही. रक्ताचा पीएच 7.35 ते 7.45 मध्येच राहतो, तो ढळला तर माणूस अतिदक्षता विभागात असतो. भिंतीच्या आतलं काही 'विरघळवायला' तिथे कोणी पोचतच नाही.

"महिन्याभरात ब्लॉकेज उघडतो"

आहाराने ब्लॉकेज मागे हटतो का, हे मोजून पाहिलेलं आहे. डीन ऑर्निश यांच्या गटाने 1990 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात रुग्णांना जवळपास तेलाशिवायचा शाकाहार (एकूण उष्मांकांच्या सुमारे 10 टक्केच स्निग्ध पदार्थ), व्यायाम, ताण हलका करण्याचं प्रशिक्षण आणि धूम्रपानबंदी असा पूर्ण कार्यक्रम दिला. वर्षाने अँजिओग्राफी केली. सरासरी अडथळा 40.0 टक्क्यांवरून 37.8 वर आला. नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात तो 42.7 वरून 46.1 वर गेला. रुग्ण पन्नासहूनही कमी होते, पण आकड्याची जात लक्षात घ्या: वर्षभर इतकं कडक पथ्य पाळून दोन-सव्वादोन टक्के.

औषधाचंही तेच. 2006 च्या अ‍ॅस्टेरॉइड चाचणीत रोज 40 मिलिग्रॅम रोसुव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध दोन वर्षं दिलं. एलडीएल 130 वरून 61 च्या आसपास उतरलं, तरी रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या साठ्याचं प्रमाण जेमतेम एका टक्क्याने घटलं.

मग एवढा खटाटोप कशाला? भोक मोठं झालं नाही तरी झाकण जाड होतं, आतला मऊ माल कमी होतो, दाह शमतो. फुटण्याची भीती घटते. स्पेनमधल्या प्रेडिमेड प्रयोगात 7447 लोकांपैकी दोन गटांना भूमध्य सागरी पद्धतीचं जेवण सांगितलं. एकाला जोडीला भरपूर ऑलिव्ह तेल, दुसऱ्याला रोज 30 ग्रॅम अक्रोड-बदामासारखा सुका मेवा. कमी तेल खायला सांगितलेल्या तिसऱ्या गटाच्या तुलनेत झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण सुमारे 30 टक्क्यांनी कमी भरलं. गट पाडण्यातल्या चुकांमुळे तो शोधनिबंध मागे घ्यावा लागला, आणि 2018 मध्ये नव्याने आकडेमोड करून पुन्हा छापला. निष्कर्ष तोच राहिला, मात्र फायदा मुख्यतः पक्षाघातात दिसतो.

अँजिओप्लास्टीबद्दल मेसेजमध्ये कणभर तथ्य आहे, तेही सांगायला हवं. स्थिर आजार असलेल्या सगळ्यांनाच ताबडतोब स्टेंट लागतो असं नाही. सुमारे पाच हजार रुग्णांच्या इस्केमिया चाचणीत योग्य औषधांवर ठेवलेल्यांचं झटके आणि मृत्यू यांबाबतीत नुकसान झालं नाही. पण ते औषधांवर होते, काढ्यावर नव्हते. शिवाय डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असलेल्यांना त्या चाचणीत घेतलंच नव्हतं.

"लसणाने कोलेस्टेरॉल उतरतं"

स्टॅनफर्डमध्ये 192 जणांवर हे सहा महिने तपासलं, 2007 मध्ये निकाल छापला. काहींना कच्ची लसूण, काहींना दोन प्रकारच्या लसणाच्या गोळ्या, काहींना नुसती दिसायला तशी गोळी. आठवड्यातले सहा दिवस, रोज एका मोठ्या पाकळीइतकी मात्रा. एलडीएलमध्ये चारही गटांत फरक नाही.

मेसेजातली कृती तर लसणावर आणखी अन्याय करते. पाकळी ठेचली की तिच्यातलं विकर (एन्झाइम) अ‍ॅलिसिन हे रसायन तयार करतं, ज्याचा उग्र वास येतो. हे विकर तीव्र आम्लात निकामी होतं आणि अ‍ॅलिसिन उष्णतेत टिकत नाही. लिंबू-व्हिनेगरमध्ये घालून अर्धा तास उकळल्यावर लसणाची फक्त चव उरते.

"मध नैसर्गिक आहे, कितीही चालतो"

तीन कप अर्क, तीन कप मध, म्हणजे निम्मा मध. तीन मोठ्या चमच्यांत दीड चमचा मध, साधारण 30 ग्रॅम, त्यात 25 ग्रॅमच्या आसपास साखर. दिवसभरात याहून जास्त वरची साखर नको, असा जागतिक आरोग्य संघटनेचा आदर्श सल्ला आहे, आणि त्या मोजणीत मध धरलेला आहे. म्हणजे चहाच्या आधीच कोटा संपला. मधुमेह्याने हे अनशापोटी घेतलं तर पुढच्या तासात ग्लुकोमीटरच सांगेल.

जिथे प्रत्यक्ष अपाय होतो ती जागा वेगळी आहे. आम्लाचा हा डोस रिकाम्या पोटी गेला की छातीत जळजळते, आणि हृदयरुग्णाला जळजळ कुठली आणि एनजाइनाचं, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याचं दुखणं कुठलं हे ओळखणं अवघड होतं. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन अशा गुठळीविरोधी गोळ्या चालू असताना लसणाचा इतका अर्क रक्तस्रावाची शक्यता वाढवू शकतो. आणि सर्वांत वाईट, 'आता नळ्या साफ झाल्या' म्हणून गोळ्या बंद होतात. स्टेंट बसवून काही महिनेच झाले असताना गुठळीविरोधी गोळी सोडली तर स्टेंटच बंद पडू शकतो.

"कोलेस्टेरॉल लिव्हर बनवतं, खाण्याचा संबंध नाही"

पहिलं अर्ध खरं आहे, बहुतांश कोलेस्टेरॉल शरीरच बनवतं. म्हणूनच अंड्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट) महत्त्वाची. ती जास्त झाली की यकृतावरची, रक्तातलं एलडीएल ओढून घेणारी दारं कमी होतात आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. अमेरिकेच्या 2015 च्या मार्गदर्शिकेने कोलेस्टेरॉलची 300 मिलिग्रॅमची मर्यादा काढली हे खरं. त्याच मार्गदर्शिकेत संपृक्त चरबी उष्मांकांच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलंय. ते वाक्य फॉरवर्ड करताना गळतं.

"घाण्याचं तेल आणि तूप कितीही"

घाण्याच्या शेंगदाणा तेलात ई जीवनसत्त्व आणि वास जास्त टिकतो. स्निग्धाम्लं मात्र रिफाइंडमध्ये असतात तीच, आणि उष्मांकही तेच. तुपात 60 टक्क्यांहून अधिक संपृक्त चरबी असते, खोबरेल तेलात 85 ते 90. दोन हजार उष्मांकांच्या आहारात 10 टक्के म्हणजे 22 ग्रॅम. दोन मोठे चमचे तूप 16-17 ग्रॅम खाऊन बसतं. वरणभातावर एक लहान चमचा तूप हा वादाचा विषयच नाही. पण तूप कमी करून त्या जागी बिस्किटं, खारी आणि मैद्याची नानकटाई आली तर काहीच कमावलं नाही. तिथे शेंगदाणा, करडई किंवा सोयाबीनचं तेल, तीळ, जवस, दाणे आले तर एलडीएल उतरतं.

"आम्ही शाकाहारी, आम्हाला काय होतंय"

2017 मध्ये अमेरिकेतल्या दोन लाखांवर आरोग्य कर्मचाऱ्यांच्या नोंदींवरून एक तुलना छापली गेली. अख्खी धान्यं, कडधान्यं, फळं-भाज्या, दाणे यांवर भर असणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका 25 टक्के कमी आढळला. वनस्पतीजन्यच, पण गोड पेयं, मैदा, बटाटे, मिठाई यांवर भर असणाऱ्यांत तो 32 टक्के जास्त. दोन्ही आहार कागदावर वनस्पतीजन्यच.

आता आपलं ताट बघा. सकाळी पोहे, चहा-बिस्किट. दुपारी तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, भात, पातळ आमटी. संध्याकाळी फरसाण. गुरुवारी साबुदाण्याची खिचडी, म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात कमाईचे तेवढे दाणे. मांस नाही, पण चोथाही (फायबर) नाही. 100 ग्रॅम ज्वारी किंवा आट्यात 10-11 ग्रॅम चोथा असतो, मैद्यात आणि पांढऱ्या तांदळात तीनच्या आत.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दोन हजार उष्मांकांसाठी दिलेलं रोजचं माप असं: धान्यं 250 ग्रॅम, डाळी-कडधान्यं 85 (मांसाहारी माणसाचे अंडी-मासे यातच), भाज्या 400, फळं 100, दूध-दही 300 मिली, दाणे-तेलबिया 35, तेल-तूप 27. कोरडी डाळ 100 मिलीच्या वाटीने सपाट भरून घ्या, 85 ग्रॅमच्या जवळपास येते. बहुतेक घरांत ती निम्मीही शिजत नाही. आमटी पातळ हेच तिचं कारण. एक भात कमी करून मटकीची उसळ वाटीभर वाढवली तर दोन खाती एकदम दुरुस्त होतात.

घरचा हिशेब किराणा यादीवरून लागतो. चार जणांत महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल तर माणशी रोज 38 ग्रॅम, तूप-लोणी वेगळंच. मिठाची किलोची पिशवी 50 दिवस पुरायला हवी. महिन्यात संपली तर माणशी आठ ग्रॅमच्या वर, मर्यादा पाच. पाहुणे आणि बाहेरचं खाणं वजा-अधिक करा. बदल केल्यावर सहा-आठ आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल करा, एलडीएलवरचा परिणाम तोवर दिसतो. गोळ्या कमी करायच्या की नाही हे तो रिपोर्ट घेऊन डॉक्टरांशी बोलून ठरवा.

छातीत दाब, घाम, जबड्यात किंवा हातात कळ, मधुमेह असेल तर नुसती धाप, यांपैकी काहीही काही मिनिटांत थांबत नसेल तर काढा, सोडा, ओवा काही न करता 108.

आणि मेसेज वाचून पाव किलो लसूण सोलून झालीच असेल तर वाया घालवू नका. मटकीला आलं-लसणाची फोडणी द्या, ताटात वाढल्यावर लिंबू पिळा. त्याने कडधान्यातलं लोह चांगलं शोषलं जातं.