‘जुनं बटण एका मिनिटात ओळखा’? आधी ते लिंबू बाजूला ठेवा

मेटल डिटेक्टर घेऊन जमिनीतल्या जुन्या वस्तू शोधत फिरणाऱ्यांच्या ग्रुपवर कपड्यांच्या बटणांबद्दलचं एक फॉरवर्ड धुमाकूळ घालतंय: ‘सापडलेलं जुनं बटण एका मिनिटात ओळखा’. पाच मुद्दे, पाच हिरव्या ‘बरोबर’च्या खुणा. मी सोडून देणार होतो. पण भाच्याने एक बटण रात्रभर लिंबू-मिठात बुडवलं आणि सकाळी फोटो धाडला, ‘मामा, बघ कसं चकाचक!’ चकाचक म्हणजे उघडं गुलाबी तांबं. सोन्याचा मुलामा गेला, मागची अक्षरंही अर्धी गेली.

म्हणून पाचवा मुद्दा आधी: ‘लिंबू-मीठ लावा, अक्षरं उठून दिसतील.’ बाबांनो, जमिनीत पडलेल्या बटणाचा मुलामा सलग नसतो. बारीक छिद्रांतून खालचं तांबं गंजून वर येतं आणि सोन्याला धरून बसतं. ज्याला तुम्ही घाण म्हणता, त्या हिरव्या-तपकिरी थरातच तो मुलामा असतो. आम्लाने थर सुटला की सोनंही गेलं. मीठ तर त्याहून वाईट: त्यातलं क्लोराइड तांब्यात मुरतं आणि हवा दमट झाली की हिरवी भुकटी सुटत राहते. अक्षरंच वाचायचीत ना? बटण वाळू द्या, मऊ ब्रशने माती झाडा, खाचेतली दात कोरायच्या लाकडी काडीने काढा. मग अंधारात टॉर्च जवळजवळ आडवा धरा. कडेने उजेड पडला की पुसट ठशाचीही सावली पडते.

‘मागे ट्रेबल गिल्ट असेल तर सोन्याचे तीन थर, थेट सोनाराकडे न्या.’ हसावं की रडावं! ब्रिटिश संसदेने १७९६ मध्ये यावर कायदाच केला होता. बटणाला ‘गिल्ट’, म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेलं, म्हणायचं तर एक इंच व्यासाच्या १४४ बटणांमागे किमान ५ ग्रेन सोनं हवं. ५ ग्रेन म्हणजे सुमारे ०.३२ ग्रॅम. एका बटणाच्या वाट्याला सव्वादोन मिलिग्रॅम. त्याची तिप्पट केली तरी १४४ बटणं मिळून एक ग्रॅम भरत नाही. ती अक्षरं म्हणजे कारखानदाराची जाहिरात. तिच्यावरून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धाचा अंदाज बांधता येतो, तिजोरी भरत नाही.

‘बटणावरचा आकडा म्हणजे बनवल्याचं साल.’ ब्रिटिश पायदळाच्या बटणावर ५५ असेल तर ती पलटण क्रमांक ५५. साध्या शिपायांच्या बटणांवर हे क्रमांक १८७१ पर्यंत होते, अधिकाऱ्यांच्या १८८१ पर्यंत. आणि खरोखर साल कोरलेलं असलं तरी जपून. काळ्या कडक रबराच्या बटणांवर ‘गुडइयर, १८५१’ दिसतं, ते पेटंटचं साल. बटणं त्यानंतरही बनत होती.

‘बटणावरच्या मुकुटाच्या आकारावरून काळ ओळखा’ हा मुद्दा, नाइलाजाने कबूल करतो, अर्धा खरा आहे. घुमटासारख्या कमानींचा मुकुट १९०१ ते १९५२ या काळातल्या राजांचा, आणि मध्ये खचलेल्या कमानींचा दुसऱ्या एलिझाबेथ राणीचा. पण खचलेल्या कमानी व्हिक्टोरियाच्या मुकुटालाही होत्या आणि तिसऱ्या चार्ल्सने २०२२ मध्ये घुमटाचा मुकुट परत आणला. म्हणजे फॉरवर्डच्या हिशोबाने आजच्या शिपायाचं बटणही शंभर वर्षांचं!

‘बटणावर जहाजाचा नांगर म्हणजे नौदल’ यावर काय बोलायचं? व्यापारी जहाजांवरचे लोक, यॉट क्लब, पोरांचे खलाशी पोशाख, फॅशनचे ब्लेझर, सगळ्यांनी नांगर वापरलाय.

गंमत म्हणजे वय ज्यावरून कळतं ती बटणाची घडण आणि मागची कडी, त्यांचा या पाच मुद्द्यांत पत्ताच नाही. सपाट, एकसंध चकतीच्या पाठीला तारेची कडी डाख देऊन बसवलेली दिसली, तर अठराव्या शतकाचा उत्तरार्ध ते एकोणिसाव्याची सुरुवात हा पहिला अंदाज. धातूचे दोन पत्रे कडेला मुडपून जोडलेलं पोकळ बटण बेंजामिन सँडर्स या बटण कारखानदाराच्या १८१३ च्या पद्धतीचं, म्हणून सहसा त्यानंतरचंच. तसलं बटण ‘१७५० सालचं’ म्हणून कुणी विकायला आलं, तर आधी उलटं करून कड बघा.