'एजंट रजिस्टर्ड आहे ना, मग वकील कशाला?' हे ज्यांना पटलंय त्यांच्यासाठी

गेले काही दिवस घरच्या आणि ऑफिसच्या ग्रुपवर एकच फॉरवर्ड फिरतोय. म्हणणं असं की एजंट महारेराकडे (रेरा या घरखरेदीच्या कायद्याखालची राज्याची देखरेख संस्था) रजिस्टर्ड असला की वकिलावर, सर्च रिपोर्टवर (जुन्या नोंदी तपासून मालकीचा अहवाल) पैसे घालवायची गरज नाही, कारण प्रोजेक्टला रेरा नंबर म्हणजे सरकारने कागद तपासलेत, बँक लोन देते म्हणजे टायटल (मालकी हक्क) क्लिअर, एजंट खोटं बोलला तर रेरात पैसे परत, रीसेलला तर घर डोळ्यांसमोरच असतं, आणि टोकन लगेच देऊन टाका नाहीतर फ्लॅट जाईल. हे वाचून गप्प बसवत नाहीये, कारण गेल्या वर्षी ताई घर बघत होती तेव्हा यातलं जवळपास प्रत्येक वाक्य मी एजंटच्या तोंडून समोर बसून ऐकलंय.

आधी रेरा नंबर. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ बिल्डिंग आठवा. महापालिकेच्या खोट्या बांधकाम परवानग्या बनवल्या, त्या लावून रेरा नंबर काढले, लोकांनी नंबर बघून घरं घेतली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये हायकोर्टाने त्या बिल्डिंग पाडायचा आदेश दिला. म्हणजे नंबर असणं ही सुरुवात झाली, शेवट नाही. महारेराच्या साइटवर प्रोजेक्टचं पान उघडा, त्यात मंजूर प्लॅन असतो, टायटल रिपोर्ट असतो, केस चालू असेल तर तीही दिसते, पझेशनची तारीख किती वेळा पुढे गेली तेही कळतं, आणि तिथून बांधकाम परवानगीचा नंबर घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात खरा आहे का विचारा. एजंटचं रजिस्ट्रेशन तर आणखी वेगळी गोष्ट आहे. २०२३ पासून त्यांना ट्रेनिंग आणि परीक्षा सक्तीची झाली ते चांगलंच झालं, पण तो माणूस परीक्षा पास झालाय, तुमचा फ्लॅट नाही.

बँकेचं म्हणाल तर बँकेचा वकील बँकेसाठी बघतो. त्याचा रिपोर्ट बहुतेक वेळा तुमच्या हातातही येत नाही, आणि उद्या घरात लफडं निघालं तरी हप्ता तुमच्याच खात्यातून कापला जाणार. डोंबिवलीत सुद्धा होम लोन घेतलेले लोक होतेच की.

आता सगळ्यात घातक वाक्य, 'एजंटने फसवलं तर रेरात पैसे परत मिळतात'. रेरा कायद्याच्या कलम १० मध्ये एजंटने खोटी माहिती द्यायची नाही, कागदपत्रं मिळवून द्यायची असं आहे हे खरं, आणि कलम ६२ प्रमाणे दिवसाला १० हजार, जास्तीत जास्त घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो हेही खरं. पण तो दंड सरकारजमा होतो, तुमच्या खात्यात येत नाही. आणि मुळात तो काय बोलला हे सिद्ध कसं करणार? नवीन प्रोजेक्टमध्ये तुम्ही जे अॅग्रीमेंट सही करता त्याच्या महारेराच्या नमुन्यातच एक कलम आहे, की हा करार म्हणजेच दोन्ही पक्षांमधला संपूर्ण करार आणि आधीचं तोंडी किंवा लेखी काहीही ठरलं असलं तरी ते आता धरायचं नाही. 'समोर कायम गार्डनच राहणार', 'डिसेंबरला चावी', 'पार्किंग त्यातच आहे', यातलं जे करारात लिहिलेलं नाही ते त्या एका सहीने पुसलं जाऊ शकतं. लोक ते पान वाचतच नाहीत, ८०-९० पानांचं बाड असतं आणि रजिस्ट्रेशनच्या दिवशी सगळे घाईत.

पार्किंगवरून आठवलं, ओपन पार्किंग बिल्डरला वेगळं विकताच येत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय. तरी एजंट 'ओपन पार्किंगचे वेगळे' म्हणतो आणि आपण मान डोलावतो.

राहिलं रीसेल. 'लोक राहतायत, मग काय बघायचं' या वाक्यावर ताई जवळजवळ फसली. सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट, हवेशीर, मालक चांगले. एजंट तीनदा म्हणाला ओसी (इमारत राहण्यायोग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) आलीये, सोसायटीच्या फाइलला आहे. आम्ही सोसायटीच्या ऑफिसात जाऊन बसलो, सेक्रेटरी काकांनी कपाटातून निळी फाइल काढली, ओसी होती पण वरती 'पार्ट' लिहिलेलं, आणि खाली मजले लिहिलेले, तळमजला अधिक चार. काकांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले वरच्या दोन मजल्यांचं अजून महापालिकेत अडकलंय. एजंट तिथेच उभा होता, म्हणाला होऊन जाईल हो. वरळीच्या कॅम्पा कोलामध्ये पण मंजूर पाचच मजले होते, वरच्या मजल्यांवर लोक वर्षानुवर्षं राहत होते, आणि २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते मजले अधिकृत करायला नकार दिला. त्यामुळे डोळ्यांना दिसणारं घर आणि कागदावरचं घर दोन्ही बघावं लागतं: ओसी कुठल्या मजल्यांची आहे, शेअर सर्टिफिकेट कोणाच्या नावावर, सोसायटीची थकबाकी, आधीच्या व्यवहारांचे इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा), कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का आणि ३० वर्षांच्या नोंदींचा सर्च. वकील एवढ्यासाठीच लागतो, आणि त्याची फी बहुतेक वेळा एजंटच्या कमिशनपेक्षा कमीच असते.

सगळे एजंट खोटारडे असं मी अजिबात म्हणत नाहीये. चांगला एजंट स्वतःहून कागद पुढे करतो, तो घरं दाखवेल, भाव पाडून देईल, चकरा वाचवेल. पण डील झाली तरच त्याला पैसे मिळतात, म्हणून 'हे घेऊ नका' हे त्याच्याकडून ऐकायची अपेक्षा धरू नका.

आणि ते 'टोकन लगेच द्या'. ताईने ५१ हजार दिले होते, दुसरी पार्टी संध्याकाळी येतेय म्हणून सांगितलं होतं. ते परत मिळायला अडीच महिने गेले. मालक आधी नाहीच म्हणत होते, एजंट म्हणाला टोकन कधी परत नसतं. मिळाले ते एवढ्याचसाठी, की भावजींनी पैसे देताना पावतीवर पेनाने एक ओळ लिहून मालकांची सही घेतली होती: 'सहाव्या मजल्याची ओसी न दाखवल्यास रक्कम परत.' एजंटला तेव्हा ते आवडलं नव्हतं, भावजींना म्हणाला होता काका, माझ्या शब्दावर विश्वास नाही का तुमचा.